नौपाड्यातला कावळा आणि बक्षिसाचं वेळापत्रक

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर येणाऱ्या कावळ्याच्या उजव्या पायाचं एक बोट आखडलेलं आहे. म्हणून तो चार कावळ्यांत ओळखू येतो, आणि म्हणूनच पुढचं सगळं मी खात्रीने सांगू शकते.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी देवपूजा आटोपली की पहिल्या पोळीचा चतकोर खिडकीबाहेरच्या कडप्प्यावर ठेवतात. कित्येक वर्षांचा शिरस्ता. कावळ्याचाही शिरस्ता ठरलेला होता. ग्रिलच्या डावीकडच्या शेवटच्या गजावर बसायचं, दोनदा ओरडायचं, चतकोर उचलायचा आणि समोरच्या बदामाच्या झाडावर जायचं. महिनोन्‌महिने यात तसूभर फरक पडला नाही.

गेल्या जानेवारीत आई तीन आठवड्यांसाठी नणंदेकडे चिपळूणला गेल्या. मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते, सकाळी सातला घर सोडावं लागतं. कधी पोळ्या झालेल्या असायच्या, कधी नसायच्या. तीन-चार दिवसांतून एकदा कावळ्याला काहीतरी मिळायचं.

पहिले दोन दिवस तो नुसता बसून राहिला. मग दोनाच्या जागी सहा-सात वेळा ओरडायला लागला. मग आवाजच बदलला, घशातल्या घशात खरखर केल्यासारखा. मग उजव्या गजावर बसून पाहिलं, एसीच्या डब्यावर बसून पाहिलं, बेडरूमच्या खिडकीत डोकावून झालं. भांडी घासायचा काथ्या खाली फेकला. दोरीवरचे चिमटे ओढले. तुळशीची माती उकरली. आणि एका सकाळी त्याने सरकत्या खिडकीच्या काचेवर चोच आपटली, ठक ठक ठक. नेमकी तेव्हा माझ्या हातात डब्याची पोळी होती. मी तुकडा मोडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो आला तो थेट काचेवरच. आई परत आल्या त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, हे काय शिकवलंस याला? पाहुण्यासारखी काच ठोठावतोय!"

"अहो आई, मी कुठे शिकवलं?" म्हटलं खरं. पण शिकवलं मीच होतं, आणि जे घडलं ते अगदी पाठ्यपुस्तकातल्यासारखं होतं. वर्गात हा भाग शिकवताना मी आता या कावळ्यापासूनच सुरुवात करते, कारण मुलांना त्यातला मुख्य मुद्दा पटकन दिसतो: बक्षीस नेमाने मिळत असलं की प्राण्याचं वागणं एका साच्यात बसतं, आणि बक्षीस दुर्मीळ झालं की ते वागणं पसरतं, फाटे फोडतं, नवनव्या तऱ्हा करून बघतं. या पसरण्याला आपण सर्रास "नाटकं", "हट्ट", "बिघडलाय" अशी नावं देतो. ती शोधाशोध असते.

'बक्षिसाचं वेळापत्रक' ही कल्पना आली कुठून, तेही मजेदार आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर हार्वर्डमध्ये उंदरांवर प्रयोग करत होते. पेटीत एक दांडी, उंदराने ती दाबली की खाण्याची एक गोळी. गोळ्या बाजारात मिळत नव्हत्या. त्या स्वतः यंत्रावर वळाव्या लागत, आणि आठ उंदीर दिवसाला प्रत्येकी शंभर गोळ्या सहज फस्त करत. स्किनर यांनीच १९५६च्या एका लेखात लिहून ठेवलंय की एका शनिवारी दुपारी त्यांनी हिशोब केला, तर उरलेली दुपार आणि संध्याकाळ गोळ्या वळल्याशिवाय सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत साठा संपणार होता. मग प्रत्येक वेळी गोळी द्यायलाच हवी का, असा प्रश्न त्यांना पडला. मिनिटाला एकच गोळी द्यायची, मधल्या दाबण्यांना काही नाही, असं त्यांनी ठरवलं. उंदीर दांडी दाबतच राहिले, आणि त्यांच्या दाबण्याला एक स्थिर चाल आली. पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्याबरोबर त्यांनी अशा कितीतरी वेळापत्रकांचा अभ्यास केला आणि १९५७ साली त्यावर जाडजूड ग्रंथ काढला.

आपल्या पाठ्यपुस्तकांत बक्षिसाला 'प्रबलन' म्हणतात. त्याचे चार मुख्य प्रकार मुलं घोकून येतात, पण उदाहरणं हाताशी असली तर घोकायची गरज नाही. अमुक इतकी पाकिटं चिकटवली की अमुक पैसे, ही नगावरची मजुरी म्हणजे ठरावीक कामाला ठरावीक बक्षीस. खाडीवर गळ टाकून बसलेल्या माणसाला मासा कितव्या खेपेला लागेल ते माहीत नसतं, पण जितक्या जास्त वेळा गळ टाकेल तितकी संधी जास्त. म्हणजे बक्षीस कामावर अवलंबून, पण आकडा अनिश्चित. सोसायटीत पाणी संध्याकाळी साडेपाचला येतं तेव्हा चारला नळ सोडून उपयोग नाही. इथे बक्षीस घड्याळावर ठरतं. आणि कुणाचा तरी मेसेज कधीही येऊ शकतो, फोन शंभरदा उघडला म्हणून तो लवकर येत नाही, पण आल्यावर उघडून बघावा तर लागतोच. हे घड्याळाचंच, फक्त घड्याळ लपवलेलं.

या चार वेळापत्रकांनी काय बदलतं, याबाबत एक गोंधळ मी नेहमी पाहते, आणि तो आधी सोडवायला हवा. वागण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे त्याची चाल: किती वेगाने, कधी थांबून, कधी सलग. दुसरी त्याची तऱ्हा: ते काम नेमकं कसं केलं, कुठे चोच मारली, किती वेळ दाबलं, आधी डावं की आधी उजवं.

चालीच्या बाबतीत निकाल आपल्या अपेक्षेच्या उलटा लागतो. बक्षीस ठरावीक असेल तर चाल ओबडधोबड होते. प्रयोगात बटणावर टोचून नगावर बक्षीस मिळवणारं कबूतर दाणा मिळाल्यावर थांबतं, निवांत होतं, आणि मग एकदम झपाट्याने पुढचा आकडा पुरा करतं. घड्याळाच्या बक्षिसात सुरुवातीला शांतता आणि वेळ जवळ आली की टोचण्यांचा मारा. पाण्याची वेळ झाली की आपण नळाकडे कशा खेपा घालतो ते आठवा. उलट बक्षीस अनिश्चित असेल तर चाल सपाट आणि अखंड राहते, कारण पुढचंच टोचणं फळाचं असू शकतं. म्हणजे बक्षिसाची अनिश्चितता चालीत अनिश्चितता आणत नाही, स्थैर्य आणते.

तऱ्हेचं गणित मात्र वेगळं आहे, आणि माझा जीव त्यातच अडकलाय.

१९५१ साली जोसेफ अँटोनायटिस यांनी उंदरांसमोर ५० सेंटिमीटर लांबीची आडवी फट ठेवली. उंदराने फटीत कुठेही नाक खुपसलं की खाणं. सगळी जागा मोकळी असूनही, बक्षीस मिळत गेलं तसं उंदरांनी फटीतला एक छोटा पट्टाच धरला आणि तिथेच नाक खुपसत राहिले. मग बक्षीस बंद केलं. नाकं पुन्हा फटभर फिरायला लागली. आमच्या कावळ्याचा डावा गज म्हणजे हाच पट्टा.

पण बक्षीस पूर्ण बंद न करता फक्त विरळ केलं तर? इथे जाणत्यांमध्येच मतभेद झाले. १९६१ साली रिचर्ड हर्नस्टाइन यांनी कबुतरांना टोचायला रुंद पट्टी दिली, आणि अधूनमधून बक्षीस मिळायला लागल्यावर त्यांचं टोचणं जास्तच एका जागी आल्याचं त्यांना आढळलं. १९६९ साली एकरमन आणि लॅन्सन यांनी १० इंची पट्टीवर तसाच प्रयोग केला, तर त्यांची कबुतरं अधूनमधूनच्या बक्षिसात जास्त फिरली, आणि बक्षीस बंद झाल्यावरही फिरली. एका प्रयोगावर निष्कर्ष काढून मोकळं होऊ नये, हे विद्यार्थ्यांना सांगायला मी हीच जोडी वापरते.

पुढे सेथ रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न जास्त नेटका मांडला. बक्षिसाची शक्यता किती आहे याची खूण प्राण्याला आधीच कळत असेल, तर तऱ्हेत काय फरक पडतो? २००१ आणि २००४ सालच्या त्यांच्या प्रयोगांत उंदीर दांडी किती वेळ दाबून धरतात ते मोजलं होतं. दांडी किती वेळ धरली याचा बक्षिसाशी काही संबंध नव्हता. तरी बक्षिसाची शक्यता चांगली असताना धरण्याचा वेळ दर खेपेला जवळपास सारखा, आणि शक्यता घटली की कधी क्षणभर, कधी लांबलचक. खाणं येण्याची नेहमीची वेळ टळून गेली की लगेच हा पसारा वाढायचा. २०१० साली स्टॅलमन, रॉबर्ट्स आणि ब्लेसडेल यांनी कबुतरांना टचस्क्रीनवर वेगवेगळ्या खुणा दाखवल्या. एका खुणेला दाणा हमखास, दुसरीला क्वचित. जितकी शक्यता कमी, तितक्या चोची पडद्यावर विखुरलेल्या आणि वेळेच्या हिशोबानेही विस्कळीत.

यामागचं कारण समजून घ्यायला प्रयोगशाळेत जायला नको. लिफ्टचं बटण दाबलं आणि दिवा लागला, तर आपण ते रोज त्याच बोटाने, त्याच जोराने दाबतो. कधी तसं दाबतो याची जाणीवही नसते. एक दिवस दिवा लागत नाही. मग आपण जोरात दाबतो, दाबून धरतो, अंगठ्याने दाबतो, कडेला दाबतो, शेजारचं बटण दाबतो. जमलेलं काम सोडून नवं काही करण्यात नुकसान असतं, हातचं जाण्याची भीती असते. पण जिथे हातात काहीच पडत नाही, तिथे नवं करून बघायला खर्च कसला? भुकेल्या प्राण्याला जुनंच रेटत राहणं महागात पडतं. रानात फळाचा मोसम सरला की पुन्हा पुन्हा त्याच झाडावर जाणारा पक्षी उपाशी मरेल. इकडेतिकडे चोच मारणाऱ्याला काहीतरी सापडेल.

आणि सापडलं की साचा पुन्हा बनतो. हा टप्पा लोकांच्या ध्यानातून निसटतो. माझ्या हातात पोळी असताना कावळ्याने काच ठोठावली, हा निव्वळ योगायोग. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, तसं. पण कावळ्याच्या बाजूने पाहिलं तर फांदी त्याच्या बसण्यानेच मोडली होती.

या योगायोगाचाही प्रयोग झालेला आहे. १९४८ साली स्किनर यांनी आठ भुकेल्या कबुतरांना दर १५ सेकंदांनी दाणा दिला, कबूतर काहीही करो वा न करो. आठातल्या सहा कबुतरांनी आपापला एक विधी ठरवून टाकला. एक घड्याळाच्या उलट्या दिशेने गिरक्या घेई, एक पेटीच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसल्यासारखं करी. स्किनर याला अंधश्रद्धा म्हणाले. १९७१ साली स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी तोच प्रयोग जास्त बारकाईने केला तेव्हा चित्र थोडं बदललं. दाणा यायची वेळ जवळ आली की सगळी कबुतरं जवळपास एकच गोष्ट करत, दाण्याच्या बाजूला टोचत. नाना तऱ्हा दिसत त्या मधल्या, दाण्यापासून लांबच्या काळात. म्हणजे एका मिनिटाच्या आतसुद्धा तोच हिशोब चालतो: बक्षीस जवळ, वागणं आखडलेलं, बक्षीस लांब, वागणं सैल.

इथवर एक गोष्ट उरतेच. बक्षिसाने साचाच बनत असेल, तर बक्षीस देऊन कुणाला नवं काही करायला शिकवता येईल का? पालक मला हे विचारतात, वेगळ्या शब्दांत. "मॅडम, चॉकलेट देऊन अभ्यासाला बसवलं तर मूल पोपट होईल का?"

बॅरी श्वार्ट्झ यांचं उत्तर १९८०च्या सुमाराला साधारण 'होईल' असं होतं. त्यांनी कबुतरांसमोर पाच ओळी, पाच रकाने असा दिव्यांचा चौकोन ठेवला. डाव्या वरच्या कोपऱ्यातला दिवा पेटलेला. एका बटणावर टोचलं की तो उजवीकडे एक घर सरके, दुसऱ्यावर टोचलं की खाली एक घर. दिवा उजव्या खालच्या कोपऱ्यात पोचवायचा, म्हणजे दोन्ही बटणांवर चार-चार वेळा टोचायचं. कुठलंही बटण पाचव्यांदा टोचलं की डाव संपला. वाटा ७० आहेत. कबुतरांनी एखादी वाट धरली आणि तिचंच रटाळ पारायण केलं. मागच्या वेळेपेक्षा वेगळी वाट घेतली तरच दाणा, अशी अट घातली तरी त्यांना ते नीट जमलं नाही. १९८२ साली श्वार्ट्झ यांनी याच खेळावर विद्यार्थ्यांना बसवलं. आधी बक्षिसासाठी तो खेळलेले विद्यार्थी, खेळाचा छुपा नियम शोधायच्या कामात नवख्यांपेक्षा मागे पडले. मला हा निकाल फार बोचतो, कारण आपल्याकडची शिकवणी बऱ्याचदा अशीच चालते: एक वाट घोटून घ्या, मार्क मिळवा.

पण १९८५ साली सुझान पेज आणि ॲलन न्यूरिंगर यांनी या प्रयोगातली मेख शोधली. चार-चारची अटच घोळ घालत होती. समजा एखादं कबूतर नाणं उडवून टोचतंय, म्हणजे अगदी वाटेल तसं. आठ टोचण्यांचे एकूण प्रकार २५६. त्यातले चार-चार जमणारे फक्त ७०, म्हणजे २७ टक्के. जे कबूतर खरोखर विविधता दाखवेल तेच जास्त वेळा आपटेल! अट काढून टाकली, कुठल्याही क्रमाने आठ टोचण्या चालतील पण क्रम आधीच्यांपेक्षा वेगळा हवा, एवढंच ठेवलं, आणि तीच जात, तोच मेंदू, कबुतरं झकास वेगळं वेगळं करायला लागली. मागच्या ५० क्रमांपेक्षा वेगळा क्रम हवा, इतकी कडक अट घातली तरी जमलं.

त्यांनी पुढचं पाऊल टाकलं ते मला सगळ्यात देखणं वाटतं. शंका अशी येऊ शकते की कबुतरांची विविधता बक्षीस अधूनमधून हुकल्यामुळे आली असेल, आपण वर पाहिलं तशी. म्हणून त्यांनी त्याच कबुतरांना, आधी जितक्या वेळा आणि जेव्हा दाणा मिळाला होता तितकाच आणि तेव्हाच दिला, फक्त वेगळेपणाची अट काढून. विविधता घसरली. म्हणजे वेगळं वागणं हे नुसतं बक्षीस हुकल्याचं फळ नाही. दांडी दाबायला शिकवता येते तसं 'वेगळं कर' हेही शिकवता येतं. एका रंगाच्या दिव्यात वेगळेपणा आणि दुसऱ्या रंगात एकच ठरलेला क्रम, हेसुद्धा ती कबुतरं शिकली.

हवाईमध्ये कॅरन प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे डॉल्फिनवर आधीच पाहिलं होतं. त्यांचा लेख १९६९चा. प्रत्येक सत्रात आधी कधी न केलेल्या हालचालीलाच मासा. हौ नावाची मादी पहिली कितीतरी सत्रं जुन्याच उड्या मारत आणि गोल फिरत राहिली. पंधरा-सोळा सत्रांनंतर एकदम बांध फुटला आणि तिने एकामागून एक नव्या हालचाली काढल्या. आणि १९७३ साली गेट्झ आणि बेअर यांनी चार वर्षांच्या तीन मुलींना ठोकळ्यांशी खेळताना पाहिलं. बाईंनी नव्या रचनेचं कौतुक केलं की नव्या रचना वाढत, जुन्याच रचनेचं केलं की त्या कमी होत. चॉकलेटवाल्या पालकांना मी हेच सांगते: चॉकलेटपेक्षा ते कशावर देताय ते बघा.

कुत्रा शिकवणाऱ्यांनाही हे उपयोगी पडतं. 'बस' म्हटल्यावर दर वेळी बिस्किट, मग हळूहळू विरळ. विरळ करताना कुत्रा पंजा देतो, भुंकतो, लोळतो. त्याला बसायचं कळलेलं नाही असं समजून ओरडू नका. आणि त्या गडबडीत, पंजा गोड वाटला म्हणून बिस्किट देऊ नका, तुम्हाला पंजाच हवा असेल तर गोष्ट वेगळी.

हे सगळं मला ठाऊक असूनही काच ठोठावण्याचा निकाल लावायला मार्च उजाडला. शेजारी तान्हं बाळ होतं, सकाळी सकाळी ठकठक बरी नव्हे. आईंनी आणि मी ठरवलं, काच वाजली की काही द्यायचं नाही, दोघींपैकी कुणीही.

पहिल्या दिवशी तो इतका वेळ वाजवत राहिला की आई तवा उतरवून खिडकीकडे निघाल्या होत्या. मी अडवलं. दुसऱ्या दिवशी ग्रिलचा गज, तुळशीची कुंडी, एसीचा पत्रा, सगळ्यावर चोच मारून झाली. तिसऱ्या दिवशी काथ्या पुन्हा खाली गेला. मी आईंना रॉबर्ट एपस्टाइन यांच्या १९८३च्या कबुतरांबद्दल सांगितलं: नवी युक्ती चालेनाशी झाली की कधीकाळी चाललेली जुनी युक्ती परत वर येते. आई म्हणाल्या, "बघू."

चौथ्या दिवशी पूजेची घंटा थांबली, आई ओट्यापाशी आल्या, पहिली पोळी तव्यावर फुगत होती. कावळा डावीकडच्या शेवटच्या गजावर येऊन बसला, आखडलेलं बोट गजाबाहेर काढून. दोनदा ओरडला. आईंनी गरम पोळीचा चतकोर मोडला, फुंकर मारून निववला आणि कडप्प्यावर ठेवला.